शेवटच्या बाटलीतलं पाणी

अन्याय झाला तो गंगव्वावर. दसऱ्याच्या आदल्या मंगळवारी, सकाळी, केशवापूरच्या बसथांब्यापाशी तिनं डोक्यावरची बुट्टी उतरवली, आणि तिची पहिली पेंडी विकली जायच्या आत आमचं पत्रक त्या भागातल्या दारादारांत पोचलेलं होतं. पत्रकात तिचं नाव होतं, तिच्या शेताचं वर्णन होतं, आणि वर ठळक काळ्या अक्षरांत, कन्नड आणि मराठी दोन्हीत, 'गंगव्वाच्या विहिरीत विष' असं छापलेलं होतं. विहिरीत विष नव्हतं. पत्रक मी लिहिलं होतं. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पत्रक लिहायला मी जिथं शिकले तिथं पहिला धडा हाच होता: नुकसान कुणाचं झालं आणि कधी, हे पहिल्यांदा सांगा. पुढचं वाचायला माणूस थांबेलच असं नाही.

आम्ही तेव्हा केशवापुरात भाड्याच्या घरात राहायचो. अप्पा सरकारी खात्यात, आई घर सांभाळणारी, आणि मी पदवी हातात घेऊन चळवळीत पडलेली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही मिसळून. त्या घराचा सगळा कारभार पाण्याभोवती फिरायचा. हुबळी-धारवाडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते: आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नसे. आठवडा जायचा, कधी त्याहून जास्त. पाणी यायच्या आधी नळ खोकायचा, आतली हवा बाहेर फेकायचा, आणि तो आवाज ऐकला की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळायची. पिंप, घागरी, बादल्या, पातेली, पूजेचा तांब्यासुद्धा भरून ठेवायचा. मग पुढचे सगळे दिवस त्या साठ्यावर. भांडी विसळायची आईची एक पद्धत होती, आणि गल्लीतल्या सगळ्याच घरांची तीच होती. पहिलं भांडं चांगल्या पाण्यानं विसळायचं, ते पाणी दुसऱ्यात ओतायचं, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, आणि ओळ संपली की उरलेलं जास्वंदीच्या मुळाशी. मी तांब्या दोनदा बुडवला की ती ओरडायची, "पाणी काय अप्पांच्या ऑफिसातनं येतंय?" आज माझ्या घरात नळ सोडला की पाणी येतं. तरी कप विसळताना हात आपोआप शेजारच्या कपाकडं जातो. मग आठवतं, आणि मी दोन्ही कप पुन्हा धुते.

गंगव्वा तारिहाळकडच्या बसनं यायची. "पल्ल्येय, मेंत्ये पल्ल्येय" ही तिची हाक आमच्या सकाळीत कुकरच्या शिट्टीसारखीच बसलेली होती. थांब्यावर बसायच्या आधी ती गल्लीतल्या ठरलेल्या घरांत एक फेरी मारायची. मेथी, राजगिरा, पुंडीपल्ले म्हणजे आपली अंबाडी, आणि हंगामात हक्करकी. हक्करकी शिजवत नाहीत. ज्वारीच्या भाकरीवर शेंगाचटणी, वर दह्याचा गोळा, आणि हातात तो कच्चा कुरकुरीत पाला. अप्पा जेवताना बोलत नसत, पण हक्करकी असली की "गंगव्वा आलेली दिसते" एवढं म्हणत. तिची मराठी कन्नडच्या चालीवर चालायची आणि आईशी तिची रोजची झटापट ठरलेली.

"गंगव्वा, ह्या मेथीत अर्धं गवतच आहे ग."

"मग अर्धे पैसे दे अक्का, आणि गवत तुझ्या म्हशीला घाल."

"माझ्याकडं कुठली म्हैस?"

"म्हैस नाही, मग गवताची चौकशी कशाला करतीस?"

आई हसायची, पूर्ण पैसे द्यायची आणि गंगव्वा वरती कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकायची. तारिहाळच्या पलीकडं तिचा लहानसा तुकडा होता, त्यात विहीर होती, आणि त्या विहिरीवर तिचं आणि तिच्या आंधळ्या सासूचं चाललं होतं. गंगव्वापाशी एवढंच होतं. तेवढंच आम्ही घेतलं.

त्या तुकड्याच्या खालच्या अंगानं एक ओढा वाहायचा, आणि ओढ्याच्या वरच्या टोकाला एक प्लेटिंगचा कारखाना होता. लोखंडाच्या सुट्या भागांवर चकचकीत क्रोमियमचा थर चढवायचा, आणि उरलेलं पिवळट पाणी मागच्या दारानं सोडून द्यायचं. ओढ्यात ढोरं तोंड घालेनाशी झाली होती. आमची एक समिती होती. निवृत्तीला आलेले एक वकीलकाका तिचे निमंत्रक, मी पत्रकवाली, आणि शैला. शैला माझी शाळेपासूनची मैत्रीण. घर कन्नड, पण मराठी माझ्याइतकीच तिखट. तिनं केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं होतं आणि एका कॉलेजात प्रॅक्टिकल्स घ्यायची. "तुम्ही नुसते ओरडता. मोजल्याशिवाय तुमच्या ओरडण्याला कोण विचारतंय?" असं तिनं वकीलकाकांना तोंडावर सांगितलं, आणि तिला धाकट्या बहिणीसारखं कन्नडमध्ये 'तंगी' म्हणणारे काका म्हणाले, "मग मोज की, तंगी. तुझा हात कुणी धरलाय?"

मोजायचं म्हणजे नमुने आणायला बाटल्या पाहिजेत. पैसे नव्हते, म्हणून दवाखान्यांतून औषधांच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या गोळा केल्या. त्यांना वास यायचा. शैलानं त्या कॉलेजच्या लॅबमध्ये क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवल्या. काचेची भांडी स्वच्छ करायचं हे नारिंगी-तपकिरी अ‍ॅसिड तेव्हा प्रत्येक लॅबमध्ये चिनीमातीच्या बरणीत भरलेलं असायचं. त्यातून निघालेली काच अशी चमकायची की बघत राहावं. पण ते विसळायला पाणी लागतं, आणि लॅबचे नळ त्या दिवशी कोरडे होते. शैलानं पोतं माझ्या स्वाधीन केलं. "घरी विसळ. प्रत्येक बाटली वेगळी, भरपूर पाणी, परत परत. पिवळेपणा गेला म्हणजे झालं असं समजू नको." मी हो म्हटलं. घरी आईनं पिंपात वाकून बघितलं आणि एक बादली पुढं केली. "एवढीच. उद्याचा भात शिजवायचाय मला." मी मोरीच्या कट्ट्यावर बाटल्या ओळीनं मांडल्या आणि मला येत होतं तशा विसळल्या. पहिलीतलं दुसरीत, दुसरीतलं तिसरीत. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ते पाणी किती बाटल्यांचं अ‍ॅसिड गोळा करत आलं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. उलट आईची शाबासकी मिळाली याचाच आनंद.

दुसऱ्या दिवशी शैला आणि मी ओढ्याकाठानं चालत गेलो. कारखान्याच्या पाइपाखाली पहिली बाटली, मग खाली-खाली. ओळीतल्या क्रमानंच त्या पोत्यात भरलेल्या होत्या, त्याच क्रमानं बाहेर आल्या. सगळ्यात शेवटी गंगव्वाचं शेत. ती मेथी उपटत होती. "काय ग यव्वा, औषध विकतीस का आता?" असं बाटल्या बघून हसली, स्वतः पोहरा सोडून पाणी काढून दिलं, आणि आम्हाला गुळाबरोबर पाणी प्यायला लावलं. आम्ही दोघी ते पाणी प्यायलो. जास्तीची एक बाटली तशीच रिकामी परत आली.

शैलाची चाचणी बघण्यासारखी होती. परीक्षानळीत थोडं पाणी, त्यात अ‍ॅसिडचे थेंब, आणि एका लांबलचक नावाच्या रसायनाचे काही थेंब. क्रोमियमचं विषारी रूप असलं तर पाणी जांभळट गुलाबी होतं, जितकं जास्त तितका गडद. शेजारी तिनं माहीत असलेल्या प्रमाणांच्या नळ्यांची रांग लावलेली होती, फिकट ते गडद. रांगेच्या टोकाला लॅबच्याच नळीत भरलेलं शुद्ध पाणी, त्याला ती ब्लँक म्हणायची. ते रंगलं नाही म्हणजे रसायनं ठीक आहेत. ते रंगलं नाही. गंगव्वाच्या विहिरीचं पाणी मात्र पाइपाखालच्या पाण्याच्या जवळपास जाणारं जांभळं झालं. "विहिरीत इतकं कसं?" शैला पुटपुटली. तिला शंका आली होती, हे मी आज शपथेवर सांगते. ती म्हणाली, पुन्हा एकदा नमुना आणू. मी म्हटलं, दसरा तोंडावर आहे, सगळे घरी असतात, पत्रक आत्ताच वाटलं पाहिजे.

पत्रकाला चेहरा लागतो, हा माझा दुसरा धडा. आकडे वाचून कुणी पेटत नाही. म्हणून मी गंगव्वाला घेतलं. तिला विचारलं नाही. तिच्या बाजूनंच लिहीत होते, विचारायचं काय? धारवाडला सुभाष रोडवरच्या एका छापखान्यात ते छापून घेतलं. कंपोझिटरनं मथळा वाचून "जोरदार झालंय" म्हटलं आणि मी फुगले. माझ्या मनात गंगव्वा त्या पत्रकाची नायिका होती, कारखान्यानं नाडलेली बाई. वाचणाऱ्यांनी एवढंच वाचलं की कुणाची भाजी घ्यायची नाही. थांब्यावर तिच्या बुट्टीपुढून बायका पदर सावरून पुढं जायला लागल्या. तारिहाळची का, असं इतर भाजीवाल्यांना विचारून घ्यायला लागल्या. आणि आमच्या घरातही, गंगव्वाची हाक आली तेव्हा आईनं दार अर्धवट उघडून "आज भाजी आहे ग" म्हटलं. भाजी नव्हती. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

पत्रकानंतर गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, आम्हालाही दाखवा ते जांभळं पाणी. म्हणून एका दुपारी शैला नळ्या घेऊन आमच्या स्वयंपाकघरात तयारीला बसली. साधं पाणी रंगत नाही आणि गंगव्वाचं रंगतं, असं शेजारी-शेजारी दाखवायचं होतं. साधं पाणी ठेवायला तिनं ती जास्तीची बाटली घेतली आणि आईच्या घागरीतलं पाणी तीत भरलं. त्यातलं थोडं नळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी जांभळं झालं. गंगव्वाच्या पाण्यापेक्षा गडद.

"अगबाई!" आई मागं सरकली. "म्हणजे हे आम्ही प्यालो?"

अप्पांनी हातातला पेला हळूच खाली ठेवला.

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "शैले, नळाच्या पाण्यातसुद्धा! आजच दुसरं पत्रक काढलं पाहिजे."

"गप्प बस जरा." शैलानं घागरीतलं पाणी बाटलीत न घालता थेट नळीत घेतलं. थेंब टाकले. काही झालं नाही. तिनं पुन्हा केलं. काही झालं नाही. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "बाटल्या कशा विसळल्यास?"

उत्तर आईनं दिलं, कौतुकानं. "माझ्यासारख्याच हो. एक थेंब वाया घालवला नाही पोरीनं."

शैलानं समजावून सांगितलं, अगदी हळू, आईलाही कळेल असं. त्या नारिंगी अ‍ॅसिडमध्ये क्रोमियमच असतं. आपण जे शोधायला निघालो तेच बाटल्यांना फासून नेलं होतं, आणि सगळ्यात जास्त शेवटच्या बाटल्यांना. "माझं चुकलं," ती म्हणाली. "ब्लँक मी लॅबच्या नळीत ठेवला. ह्याच बाटल्यांतल्या एकीत शुद्ध पाणी भरून, आपल्याबरोबर हिंडवून आणून तपासलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं." चूक तिची म्हणायची तर कागदावरची. विसळणारा हात माझा, आणि घाई माझी. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या बाटल्या आणल्या, कॉलेजच्या विहिरीचं पाणी शेंदून स्वतः विसळल्या, आणि आम्ही पुन्हा गेलो. पाइपाखालच्या ओढ्यात क्रोमियम होतं. खालीही होतं. गंगव्वाच्या विहिरीत नव्हतं. विहीर ओढ्याच्या चढाच्या बाजूला होती. तिच्यात ते पोचायचंच कसं?

समितीची बैठक वकीलकाकांच्या ओसरीवर झाली. शैला म्हणाली, तितकंच मोठं पत्रक काढा, तितक्याच दारांत टाका, वर छापा: 'गंगव्वाची विहीर स्वच्छ आहे, चूक आमची.' काका म्हणाले, "हे छापलं की कारखानदार सुटला. तो म्हणणार, ह्यांचीच तपासणी खोटी." मला ते पटलं. आजही मी ते पूर्णपणे चूक म्हणू शकत नाही, हीच अडचण आहे. ओढा खरंच घाण होता. पण दुरुस्ती लिहायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी काय लिहिलं ते मला पाठ आहे, मराठीत ते असं होतं: 'संदर्भित पत्रकातील विश्लेषणात्मक निरीक्षणांबाबत काही तांत्रिक मर्यादा आढळून आल्या असून त्यांचा पुनर्विचार करण्यात येत आहे.' मी, जिला चार शब्दांत गल्ली हलवता यायची. ज्या हातानं 'विष' लिहिलं त्या हातानं 'तांत्रिक मर्यादा' लिहिलं. बारीक टायपात, फक्त कन्नडमध्ये, गंगव्वाच्या नावाशिवाय. आणि ते दारांत टाकलं नाही. वाचनालयात आणि एक-दोन दुकानांच्या गल्ल्यावर ठेवलं. शैलानं तो कागद वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि पुन्हा समितीत आली नाही.

मी तो कागद घेऊन थांब्यावर गंगव्वाकडं गेले. बुट्टी भरलेली होती, पाला सुकत आलेला.

"वाच," ती म्हणाली. मी वाचला.

"म्हणजे एन?"

"म्हणजे तुझ्या विहिरीत काही नाही."

"मग तसं लिही की! त्या कागदावर माझं नाव एवढं मोठं, लांबनं दिसतंय. ह्याच्यावर कुठाय?"

"ह्याच्यावर नाही घातलं."

तिनं हक्करकीची जुडी सोडून माझ्यापुढं धरली. "बस इथं. तिन्नु. सगळ्यांच्या देखत खा. लोक परत येईपर्यंत रोज ये आणि खा."

मी बसले. फुटपाथवर, बुट्टीशेजारी, तो पाला नुसताच चावत. ओळखीच्या बायका थांबल्या. एकीनं विचारलं, "संध्या, तूच लिहिलं होतंस ना? आता हिनं किती दिले तुला?" दुसरी म्हणाली, "तरण्या पोरींना पचतं, आमच्या घरात लहान मुलं आहेत." कुणी घेतली नाही. मी काही सकाळी गेले. मग कारखान्यासमोर आमचं धरणं सुरू झालं, मोठं काम होतं, आणि मी जायची थांबले. आई म्हणायची, "खरं असेल ग तुझं, पण कशाला धोका?" ती दुसऱ्या भाजीवालीकडून घ्यायला लागली. त्या बाईची भाजी कुठल्या पाण्यावर यायची ते आम्ही कधी विचारलं नाही. धरण्याचंही काही झालं नाही. कारखान्याच्या मालकानं आमची ती बारीक टायपातली दुरुस्ती बरोबर शोधून काढली आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढं ठेवली. ज्याच्यापासून लपवायची त्याला मिळाली, जिच्यासाठी छापायची तिच्या कामाला आली नाही.

पुढं काही वर्षांनी, शतक बदललं होतं, एका दुसऱ्या प्रकरणासाठी मी तारिहाळला गेले होते. कामाची पाळी सुटली होती. त्याच कारखान्याच्या फाटकातून बायका बाहेर पडत होत्या आणि त्यांत गंगव्वा होती. भाजी विकेना तेव्हा सासूचं औषध कशावर आणायचं? मालकानं तिला टाक्या आणि जाळ्या धुवायला ठेवलं होतं, आणि येईल त्याला सांगायचा की पत्रकातली बाई आमच्याकडं सुखात आहे. तिनं मला ओळखलं. तिचे हात मी आधी बघितले, चेहरा नंतर. बोटांच्या पेरांवर लहान गोल भोकं पडली होती, चामड्याला भोकं पाडायच्या पोगरानं पाडल्यासारखी. प्लेटिंगच्या पाण्यात हात घालणाऱ्यांना ती पडतात.

"बाटली आणलीस का, यव्वा?" ती म्हणाली. "आता तपास. आता सापडेल."

मी तक्रार करते म्हटलं. मोठ्यानं, रस्त्यावरच, मुठी आवळून. माझी तीच सवय. तिनं ओढणीला धरून मला बाजूला घेतलं. "माझं नाव घालू नको. कामावरनं काढतील. होगत्लाग, जा तू." मी नाव न घालता तक्रार लिहिली. कुणीतरी येऊन गेलं, हातमोजे वाटले गेले असं कळलं. पुढचं मला माहीत नाही. मी पुन्हा गेले नाही, आणि गेले नाही याला कारण नाही. इथंही तिचं खरं नाव गंगव्वा नाही. तेवढं तरी शिकले.

आता तुमच्याकडं मागणं आहे, आणि ते मी विनंती म्हणून करत नाही. कुणी तुमच्या हातात पत्रक दिलं, हल्ली ते फोनवर येतं, की अमक्याच्या पाण्यात, अमकीच्या भाजीत विष सापडलं, तर पाठवणाऱ्याला थांबवा आणि विचारा: त्याच बाटलीत शुद्ध पाणी भरून तपासलं होतं का? ज्याचं नाव छापलंय त्याला विचारलं होतं का? आणि चूक निघाली तर ह्याच अक्षरांत, ह्याच दारांत, नावानिशी सांगाल का? उत्तरं मिळेपर्यंत रोजच्या भाजीवालीकडून भाजी घेत राहा, आणि 'नाही' असं उत्तर आलं तर ते पत्रक पुढं पाठवू नका. माझंही नाही.